प्लेट का तुटली ते नंतर. हाड का जुळलं नाही ते आधी विचारा

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. अण्णा (माझे वडील, वय ५७) टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. पावसाळ्यात मोटारसायकल घसरून त्यांचं उजव्या मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली मोडलं. एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून प्लेट बसवली. दीड महिन्याच्या एक्स-रेला "छान आहे" म्हणाले. तिसऱ्या महिन्यात "थोडं बाकी आहे, पण वॉकर घेऊन पाय टेकवा" म्हणाले आणि पुढची तारीख दिली नाही. मांडी दुखतच होती. सहावा महिना लागला आणि एके दिवशी न्हाणीतून बाहेर पाऊल टाकताना कट्‌कन आवाज होऊन अण्णा खाली बसले. प्लेट तुटली आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, जास्त वजन टाकलं म्हणून तुटली, काढून नवी टाकू. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघताच सांगितलं, इथे प्लेट घालायलाच नको होती, रॉड पाहिजे होता. शेजारचे म्हणतात, प्लेटच लोकल मालाची असणार. अण्णांना शुगर आहे आणि तंबाखू सुटत नाही. मामा दवाखान्यात जाऊन राडा करायच्या तयारीत आहे, तर आई गावाकडच्या हाडवैद्याकडे न्यायचं म्हणतेय. कोणाचं ऐकू? केस करता येईल का? आणि अण्णा मागावर परत कधी उभे राहतील?
– एक मुलगी, सोलापूर

ताई,

"वजन टाकलं म्हणून तुटली" हे मला पटत नाही. मांडीचं हाड मोडल्यावर साधारण चार ते सहा महिन्यांत जुळतं, आणि खुब्याखालचा हा भाग त्याहूनही वेळ घेतो. तोवर आतलं धातू भार पेलून धरतं. पण ते कायमचा भार घ्यायला बनवलेलंच नसतं, हाड धरेपर्यंतची ती सोय असते. लोखंडी तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, आणि शेवटचा हेलकावा काही फार मोठा नसतो. प्लेटचं तसंच होतं. अण्णांच्या मांडीत ती रोज, पावलागणिक थोडी थोडी वाकत होती, कारण खालचं हाड जुळलेलं नव्हतं. न्हाणीचा उंबरा फक्त निमित्त झाला. आणि पाय टेकवायला तिसऱ्या महिन्यात त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हेही विसरू नका. अण्णा सांगितल्यापेक्षा जास्त चालले असतील, मागावर सबंध पाळी उभा राहणारा माणूस घरात किती बसणार! पण ज्याचं हाड व्यवस्थित जुळलंय, त्याची प्लेट सहाव्या महिन्यात एका पावलाने तुटत नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांचं. त्यांचं मत आजच्या प्रघाताला धरून आहे, पण "घालायलाच नको होती" असा एका नजरेत निकाल मी देणार नाही. त्याचं कारण समजून घ्यायला ती जागा समजून घ्यावी लागेल.

खुब्याचा गोळा मांडीच्या हाडाच्या सरळ वर नसतो, तो आतल्या बाजूला कलून बसलेला असतो. अंगाचा भार त्या गोळ्यावरून खाली येतो, तेव्हा हाडाची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. खुब्याखालच्या तीन-चार बोटांच्या पट्ट्यात हा दाब सबंध शरीरात सर्वांत जास्त असणाऱ्या जागांपैकी एक. भरीला स्नायू. वरचा तुकडा ते पुढे, बाहेर आणि गोल असा तिन्हीकडे ओढतात, त्यामुळे तुकडे जागच्या जागी आणणं हेच निम्मं ऑपरेशन असतं. प्लेट हाडाच्या बाहेरून बसते, म्हणजे भाराच्या रेषेपासून लांब. आतल्या बाजूला हाडाचा चुरा झाला असेल आणि तिथे टेकायला काही उरलं नसेल, तर सगळा भार एकट्या प्लेटवर येतो. रॉड हाडाच्या पोकळीत, भाराच्या जास्त जवळ राहतो, म्हणून त्यावर वाकण्याचा ताण कमी पडतो. याच कारणाने मोठ्या माणसाच्या या फ्रॅक्चरला आज बहुतेक सर्जन गोळ्यात स्क्रू जाणारा लांब रॉड, म्हणजे लाँग पीएफएन, निवडतात.

तरीही पहिला, ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे बघितल्याशिवाय बोलू नये. रॉड जिथून आत शिरतो तिथलंच हाड फुटलेलं असेल, पोकळी जन्मतः किंवा जुन्या फ्रॅक्चरमुळे वाकडी असेल, तर प्लेट विचारपूर्वक निवडलेली असू शकते. गुडघ्याजवळच्या फ्रॅक्चरला तर प्लेट हा नेहमीचाच मार्ग. प्लेट हे वाईट इम्प्लांट नाही. कुठली, कुठे आणि कशी बसवली, यावर सगळं अवलंबून.

सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावा आणि खिडकीच्या उजेडात धरा. प्लेट बहुधा एका भोकाशी तुटलेली दिसेल, आणि ते भोक फ्रॅक्चरच्या बरोबर समोर असेल. भोकापाशी धातू कमी, तिथे ती सर्वांत आधी दमते. मग हाडाच्या आतल्या कडेला बघा. तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत तिथे काळी फट आहे का, की पांढुरकं नवं हाड धरू लागलंय? मग भोकं बघा. मांडीला लागणाऱ्या रुंद सरळ प्लेटमध्ये भोकं आडवीतिडवी, एक डावीकडे एक उजवीकडे अशी असतात. अरुंद प्लेटमध्ये ती एका रेषेत असतात, आणि ती प्लेट पायाच्या नळीच्या हाडासाठी असते. मोठ्या माणसाच्या मांडीत अरुंद प्लेट दिसली, तर तिला इम्प्लांटची चुकीची निवड म्हणायला मी कचरणार नाही. प्लेट फार आखूड आहे का, फ्रॅक्चरला चिकटून प्रत्येक भोकात स्क्रू भरलाय का, हेही बघून घ्या. स्क्रू जास्त म्हणजे पकड घट्ट, असं लोकांना वाटतं. खरं तर लॉकिंग प्लेटला (हिच्या भोकात स्क्रूचं डोकं आट्यांनी घट्ट बसतं) फ्रॅक्चरच्या अगदी जवळ सगळे स्क्रू मारले तर सगळा ताण एकाच भोकावर साचतो, आणि इतक्या ताठ बांधणीत नवं हाड तयार व्हायला लागणारी बारीक हालचालही होत नाही. यातलं तुम्हाला सगळं कळेल असं नाही, पण हे प्रश्न घेऊन गेलात तर पुढचा डॉक्टर तुम्हाला उडवून लावणार नाही.

ज्यांच्या घरी रॉड बसलाय त्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. पोकळीत रॉड घालायची पद्धत जर्मनीतल्या गेरहार्ड कुन्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास आणली. आपल्याकडे तो के-नेल नावाने वर्षानुवर्षं वापरला गेला. त्याला वर-खाली आडवे स्क्रू नसतात, त्यामुळे मांडीच्या मधल्या, अरुंद भागातल्या आडव्या फ्रॅक्चरपुरता तो ठीक. चुरा झालेल्या हाडात तो पायाची लांबी आणि वळण सांभाळू शकत नाही, पाय आखूड होतो किंवा पाऊल बाहेर वळतं. वर-खाली आडवे स्क्रू असलेले इंटरलॉकिंग रॉड आले ते यासाठीच. पण पोकळी रुंद आणि रॉड बारीक असेल तर आडवे स्क्रू मोडतात. रॉड आखूड असेल तर त्याच्या टोकाशी पुढे नवं फ्रॅक्चर होतं. मांडीचं हाड पुढच्या बाजूला कमानीसारखं वाकलेलं असतं. आपल्याकडच्या ठेंगण्या, म्हाताऱ्या बायकांत ही कमान जास्त असते, आणि फार सरळ घडणीचा लांब रॉड घातला की त्याचं खालचं टोक गुडघ्याच्या वर हाडाला पुढून टोचतं. गोळ्यात जाणाऱ्या स्क्रूचं टोकही नेमक्या जागी असावं लागतं. डीएचएस म्हणजे गोळ्यात एकच जाड स्क्रू आणि बाहेरून प्लेट. अशा एका स्क्रूच्या इम्प्लांटमध्ये ते टोक गोळ्याच्या मध्यशिखरापासून, समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेंतलं अंतर मिळवून, २५ मिलिमीटरच्या आत हवं, असं १९९५ पासून आम्ही मानतो. ते लांब राहिलं तर स्क्रू गोळा फाडून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

शेजाऱ्यांच्या "लोकल मालाबद्दल". उत्तम कंपनीची प्लेटही न जुळलेल्या हाडावर तुटते, म्हणून तुटणं हा नकलीपणाचा पुरावा नाही. टायटॅनियम असती तर वाचली असती, हेही खरं नाही. पण कुठली होती ते कळायला हवंच. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं. कंपनी, साइज, लॉट नंबर त्यावर छापलेले असतात, आणि ते केसपेपरला चिकटवायचं असतं. ते मागून घ्या. बिलात नुसतं "इम्प्लांट" एवढंच लिहिलं असेल तर तपशिलाचं बिल मागा. प्लेट स्टीलची आणि स्क्रू टायटॅनियमचे, असं मिश्रणही होऊ नये. दोन वेगळे धातू शरीराच्या खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की गंज धरतो.

आता मुद्द्यावर येतो. "काढून नवी टाकू" या वाक्यात मोठा प्रश्न गाळलेला आहे : पहिल्या खेपेला हाड जुळलं का नाही? याचं उत्तर न शोधता त्याच जागी तशीच प्लेट घातली, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. बांधणी सैल किंवा चुकीची, हे एक झालं. दुसरं, छुपा जंतुसंसर्ग. पू येतो तेव्हाच जंतू असतात असं नाही. ताप नाही, जखम सुकलेली, आणि आत प्लेटवर जंतू ठाण मांडून बसलेले, असं पुष्कळदा आढळतं. सुरुवातीला टाक्यांतून पाणी येत होतं का, ड्रेसिंग लांबलं होतं का, हे आईला विचारा आणि नव्या डॉक्टरांना आपणहून सांगा. ऑपरेशनच्या आधी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी (अंगात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग आहे का, याचा अंदाज देणारी) झालीच पाहिजे. ऑपरेशनमध्ये हाडाजवळचे चार-पाच नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, जायला हवेत, आणि ते नमुने खरं बोलावेत म्हणून आधीचे दोन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिबायोटिक बंद ठेवतात. मेडिकलवाल्याकडून "इन्फेक्शन होऊ नये म्हणून" गोळ्या आणून देऊ नका. जंतू सापडले तर ऑपरेशन दोन टप्प्यांत होईल, त्याची मनाची आणि पैशाची तयारी ठेवा.

तिसरं कारण अण्णांच्या खिशात आहे. तंबाखूतलं निकोटिन हाडाला जाणारा रक्तपुरवठा कमी करतं. चघळली काय, ओढली काय, मिश्री लावली काय, निकोटिन शरीरात जातंच. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी) आणि व्हिटॅमिन डी तपासा. शुगर आटोक्यात आणायला हातात जे थोडे दिवस आहेत ते वापरा. अण्णांना तंबाखूवरून रागावून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी रागावून झालंच असेल. पण दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च समोर दिसत असताना सर्जनने स्वतः सांगितलेलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांनाच सांगायला लावा.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. मोडके स्क्रू हाडात अडकतात, ते काढायला वेगळी हत्यारं लागतात आणि ती आधी मागवावी लागतात. जंतू नसतील तर बहुधा प्लेट काढून, न जुळलेली टोकं साफ करून, पोकळी मोठी करून लांब रॉड घालतील, आणि गरज वाटली तर कमरेच्या हाडातून ग्राफ्ट, म्हणजे भरायला थोडं हाड, घेतील. काही सर्जन रॉडसोबत छोटी प्लेटही लावतात, ते चूक नाही. तुम्ही सर्जनला एवढंच विचारा : हाड न जुळण्याचं तुमच्या मते कारण काय, या खेपेला वेगळं काय करणार, पायाची लांबी आणि वळण मोजणार का, आणि अशी फसलेली केस तुम्ही नेहमी करता का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा. जो चिडेल त्याच्याकडे करू नका.

त्याच डॉक्टरांकडे जायचं का? विश्वास उडाला असेल तर नको, एवढं साधं आहे. सोलापुरात सिव्हिलला वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिरोग विभाग आहे, अशा केसेस तिथे येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती द्यायला नेमलेला माणूस) रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. योजनेतल्या खासगी दवाखान्यांतही आरोग्यमित्र बसतो. पुण्याचं मत घ्यायचं असेल तर आधी तुम्ही कागद आणि एक्स-रे घेऊन एकट्याच हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन या. तुटलेल्या प्लेटच्या माणसाला रेल्वेच्या बाकावर चार तास बसवून नेऊ नका.

तोवर उजवा पाय अजिबात टेकवायचा नाही. पलंगावर घोटा वर-खाली हलवत राहायचं, मांडी आवळून सोडायची, पाठीला कूस बदलून द्यायची. आज रात्रीच ऑपरेशन करा अशी ही वेळ नाही, पण महिनोन्‌महिने लांबवण्याचीही नाही. ताप आला, जखमेतून पाणी आलं, पाऊल बधिर झालं, पोटरी एकाएकी सुजली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला माझ्या वतीने सांगा, हाडवैद्य नको. आत तुटलेल्या प्लेटच्या धारदार कडा आहेत, आणि मांडीतली मुख्य रक्तवाहिनी तिथून लांब नाही. तेल चोळून, ओढून बांधण्याची ही जागा नव्हे.

मामांनाही आवरा. २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली दवाखान्यातली मारहाण-तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि राड्यानंतर तुम्हाला हवा तो कागद सरळपणे मिळणार नाही. मामांना दुसरं काम द्या : लेखी अर्ज देऊन पूर्ण केसपेपर मागणं. ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र, स्टिकर, भूल दिल्याची नोंद, सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात आणि दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सर्जनला लेखी द्या की काढलेली प्लेट आणि स्क्रू आम्हाला हवेत. मिळाले की फोटो काढून, डबीत सीलबंद करून, तारीख घालून ठेवा. अनेकांची केस इथेच लंगडी पडते. प्लेट भंगारात गेलेली असते.

केस करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार होते. पोलिसांत जाण्यात मला अर्थ दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीसाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं.

पण केस कशावर उभी राहील, ते नीट बघा. डॉक्टरने निवडलेली पद्धत त्याच्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांना मान्य असणारी असेल, तर दुसरी पद्धत अधिक चांगली होती एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. "रॉड हवा होता" हे एकच वाक्य घेऊन गेलात तर समोरचा वकील प्लेटच्या बाजूने बोलणारा सर्जन उभा करेल. अरुंद किंवा आखूड प्लेट असेल तर गोष्ट वेगळी. मला मात्र तुमच्या पत्रात निवडीपेक्षा नंतरची देखरेख जास्त खटकली. तिसऱ्या महिन्यात "थोडं बाकी आहे" म्हणायचं, पाय टेकवायला सांगायचं, मांडी दुखतेय हे ऐकायचं आणि पुढची तारीखच द्यायची नाही! पाय टेकवायला लागल्यावरही होणारं दुखणं हे हाड न जुळल्याचं लक्षण असू शकतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक्स-रे झाला असता तर प्लेट तुटण्याआधी हे पकडता आलं असतं. शिवाय रॉडचा पर्याय तुम्हाला सांगितला होता का, संमतीपत्रावर तो आहे का? २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे की पर्याय आणि धोके सांगूनच संमती घ्यायची. तटस्थ अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत याच मुद्द्यांवर घ्या. आणि हे सगळं ऑपरेशन झाल्यावर. दोन वर्षं आहेत, अण्णांच्या पायाकडे तेवढा वेळ नाही.

मागाचं विचारलंत. रॉड नीट बसला तर पाय थोडा टेकवणं बहुतेकदा लवकर सुरू होतं, पण टेकवणं वेगळं आणि बारा तासांची पाळी उभ्याने काढणं वेगळं. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेंत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या किमान तीन कडांवर हाड धरलेलं दिसलं आणि चालताना मांडी दुखेनाशी झाली, की मग मागाचा विषय काढा. दर सहा आठवड्यांनी एक्स-रे, तारीख डॉक्टरांनी नाही दिली तरी तुम्ही मागून घ्यायची. तोपर्यंत मालकांशी बोलून कांड्या भरण्याचं किंवा टॉवेलच्या घड्या घालण्याचं बसून करायचं काम मिळतंय का बघा, आणि ऑपरेशनच्या आधीच बोला, म्हणजे त्यांनाही मागावर दुसरा माणूस बघता येईल.